कळ, चमक, रग

“कसं दुखतंय?” फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारलं आणि उत्तर म्हणून मी एमआरआयची पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली, पण उघडली नाही. टेबलाच्या कडेला ठेवून पुन्हा म्हणाल्या, “हे बघते मी नंतर. आधी तुम्ही सांगा ना, ताई. कसं दुखतंय?”

मला सांगताच येईना. २१ वर्षं मी मुद्रितशोधनाचं काम करते आहे. ‘कळ’ लिहायचं की ‘वेदना’, यावर लेखकांशी फोनवर अर्धा अर्धा तास बोलले आहे. आणि स्वतःच्या मानेबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा माझ्याजवळ एकच शब्द होता, तोही रिपोर्टातला : सी-५ सी-६ डिस्क बल्ज, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधल्या चकतीला फुगवटा. सहा आठवडे भेटेल त्याला मी तोच सांगत होते.

मग मॅडमनीच एकेक शब्द पुढे ठेवला. “ठणका लागतो का? रात्री झोपेतून उठवणारा? की चमक येते? रग लागल्यासारखं कुठे वाटतं? मुंग्या कुठल्या बोटांना येतात?” त्या विचारत गेल्या तसं मला सापडत गेलं. चमक होती ती उजव्या खांद्यापासून दंडावरून खाली उतरणारी. मान उजवीकडे वळवून वर बघितलं की हमखास. रग दोन्ही खांद्यांच्या मधोमध, दुपारनंतर वाढणारी. मुंग्या फक्त अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला. ठणका नव्हता. त्यांच्याकडे माणसाच्या आकृतीचा एक छापील कागद होता, पुढून आणि मागून काढलेली आकृती. मी सांगेन तसं त्या पेन्सिलीने त्यावर रेघा भरत गेल्या. शेवटी म्हणाल्या, “अंगठा आणि पहिलं बोट म्हणजे मानेतली सहावी नस. आता फोटो बघूया.” फिल्म खिडकीकडे धरली तेव्हा त्यात काय दिसणार, याचा अंदाज त्यांना आधीच आलेला होता.

दुखणं तसंच होतं. तरी त्या दिवशी दवाखान्याचा जिना उतरताना मला हायसं वाटलं.

सुरुवात झाली होती दिवाळी अंकांच्या धबडग्यात. गणपतींचं विसर्जन झालं की दसरा उलटेपर्यंत मुद्रितशोधकाला दिवस-रात्र सारखीच असते. त्या वर्षी माझ्याकडे चार अंक होते. पूर्वी कागदाचे गठ्ठे यायचे. ते टेबलावर, मांडीवर, ओट्यावर, कुठेही नेता यायचे. कधी उभं राहून वाचायचं, कधी झोपाळ्यावर. आता पीडीएफ येते. पलंगावर बसायचं, मांडीवर लॅपटॉप, आणि मान पुढे काढून रात्री दोनपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या फळीवरचा साबुदाण्याचा डबा काढायला मान वर केली, आणि मान धरली.

आधी वाटलं, उशी बदलली म्हणून असेल. दुपारपर्यंत हातात चमक उतरली. गोळ्या झाल्या, मानेचा पट्टा झाला, मग एमआरआय झाला. जिथे जाईन तिथे काय करायचं नाही याची यादी मिळत गेली. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही. एका ठिकाणी तर “आता हे असंच राहणार, जपून राहा” एवढंच सांगून पुढच्या पेशंटला हाक मारली गेली. ते वाक्य औषधापेक्षा जास्त दिवस माझ्यात राहिलं. मी जपून राहू लागले. हात वर जातो म्हणून वेणी घालणं सोडलं. कुणी मागून हाक मारली की अख्खीच्या अख्खी वळायचे. भरलेली कळशी, कणकेचा डबा, शेजारचं दीड वर्षाचं बाळ, काही म्हणजे काही उचलेनाशी झाले. सहा आठवडे मी स्वतःला चोवीस तास घट्ट धरून होते, आणि मानेसोबत खांदे, पाठ, जबडासुद्धा आखडून बसला.

आपल्या भाषेत दुखण्याला शब्द किती आहेत! कळ, चमक, ठणका, रग, शिणक, ओढ, लचक, उसण, ठसठस, चुरचुर. प्रत्येकाची जागा ठरलेली. ठसठस गळवाची, चुरचुर भाजल्याची, उसण पाठीत भरते, रग पोटरीला लागते, कळ मस्तकात जाते. ज्यांनी सोसलं त्यांनी घडवलेले हे शब्द आहेत आणि ते नेमके आहेत. मॅडम म्हणतात की दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असा आकडा त्यांना नोंदवावाच लागतो, पण आजीबाई आल्या की आकड्यापेक्षा शब्दावरून त्यांना जास्त कळतं.

पण दुखण्याचं कारण सांगायला जे शब्द आपण हल्ली वापरतो, ते सगळे दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर तयार झालेले आहेत. गॅप आली. गादी सरकली. नस दबली. झीज झाली. माझ्या धंद्याच्या सवयीने मी हे शब्द तपासायला बसले आणि जसजशी वाचत गेले तसतसा मला राग येत गेला. ‘गॅप’चंच बघा. क्ष-किरण चित्रात दोन मणक्यांमधलं अंतर कमी झालेलं दिसतं, आणि आपण म्हणतो गॅप आली! शब्द अर्थाच्या बरोबर उलट. ‘गादी सरकली’ हे ऐकताना डोळ्यांपुढे पलंगावरून घसरलेली गादी येते. मणक्यांमधली चकती अशी सरकूच शकत नाही; वरच्या आणि खालच्या मणक्याला ती पक्की जोडलेली असते. तिच्या आत मऊ गर असतो, भोवती चिवट तंतूंची कडी. कधी गर एका बाजूने कड्यांना बाहेर दाबतो आणि तिथे फुगवटा येतो. क्वचित कडं फाटून गर बाहेरही येतो. आणि बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच महिन्या-महिन्यांत जिरवून टाकतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

‘झीज’ हा शब्द तर मला सगळ्यांत क्रूर वाटतो. झिजते ती चपलेची टाच, देवळाची पायरी, सहाणेवरचं चंदन. झिजलेलं परत येत नाही. ३५ वर्षांच्या बाईला कुणी ‘तुमचे मणके झिजलेत’ म्हटलं की ती त्या दिवसापासून स्वतःला वापरायला घाबरते. कंबर मुळीच दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढून अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५२ टक्के लोकांच्या कमरेत निदान एका ठिकाणी चकतीला फुगवटा होता. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, दुखणं नसलेल्या ३,११० माणसांचा. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या चकत्यांमध्ये ती तथाकथित झीज दिसली. ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. म्हणजे केस पिकावेत तशी ही गोष्ट. पिकलेल्या केसांना आपण रोग म्हणत नाही.

हे आकडे वाचले त्या रात्री मी पहिल्यांदा मान पूर्ण डावीकडे वळवून खिडकीबाहेर बघितलं. घाबरतच. काही झालं नाही.

कुणी म्हणेल, मग दुखणं खोटं का? अजिबात नाही. माझी चमक खरी होती, सहावी नस खरोखर चिडलेली होती. पण चिडलेली नस शांत होते. मोडलेली म्हटली की आपण तिला प्लास्टरमध्येच ठेवायला बघतो.

मॅडमचा दवाखाना साताऱ्यात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. दोन पलंग, भिंतीला एक शिडी, रबरी पट्टे, एक जुनी जागच्या जागी चालवायची सायकल. पहिल्या दिवशी त्यांनी हातोडीने कोपर ठोकून बघितलं, मनगटाची ताकद बघितली, मान हलकेच मागे आणि बाजूला दाबून चमक येते का ते पाहिलं. मग उताणं झोपवून मानेखाली रक्तदाब मोजायच्या पट्ट्यासारखी एक छोटी हवेची पिशवी ठेवली. तिच्या घड्याळाचा काटा २० वर आणला आणि म्हणाल्या, “आता हो म्हणा. तोंडाने नको, मानेने. इतकं हळू, की समोरच्याला कळूसुद्धा नये.”

एवढंच? मला जरा हिरमुसल्यासारखं झालं. पण हो म्हणताना काटा २० वरून २२ वर नेऊन तिथे १० सेकंद ठेवायचा होता. मग २४. मग २६. असं ३० पर्यंत. मी २४ वर थरथरायला लागले. गळ्याच्या पुढचे वरवरचे स्नायू दोऱ्यांसारखे ताणले गेले. “ते नकोत,” मॅडम बोट ठेवून म्हणाल्या, “त्यांना सुट्टी द्या. आतले बोलवा.” मणक्यांना अगदी लगटून असलेले खोल स्नायू दुखऱ्या मानेत काम सोडून देतात आणि वरचे स्नायू त्यांचा भार ओढत बसतात. हे ग्वेंडोलेन जल या ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. ही २० ते ३० ची चाचणी त्यांचीच. जगाच्या त्या टोकाला कुणा बाईने मानेच्या ‘हो’वर वर्षानुवर्षं विचार केला, म्हणून मी साताऱ्यात रोज सकाळी छताला हो म्हणत होते.

बाकीचे व्यायामही असेच साधे. हनुवटी आत घेणं. खांद्याची पाती मागे एकमेकींकडे आणणं. गुंडाळलेला टॉवेल पाठीखाली घेऊन छाती उघडणं. तिसऱ्या आठवड्यात रबरी पट्टा. सहाव्यात त्यांनी माझ्या हातात पाच किलोची पिशवी दिली आणि म्हणाल्या, “जिना चढून या.” मी त्यांच्याकडे बघत राहिले. पाच किलो म्हणजे माझं स्वतःचं डोकं साधारण तेवढंच आहे, हे त्यांनीच मला आधी सांगितलं होतं. जे डोकं मी दिवसभर सांभाळते तेवढं वजन हातात धरायला मी घाबरत होते. गेले, आणि आले.

व्हॉट्सअॅपवर तो एक संदेश फिरतो ना, मान ६० अंश वाकवून मोबाइल बघितला की मानेवर २७ किलो भार पडतो, तो मलाही चार जणींनी पाठवला होता. तो आकडा न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदांनी २०१४ साली संगणकावर मांडलेल्या गणितातून आला आहे. खऱ्या माणसांची दुखणी त्यात मोजलेली नव्हती. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, “मान वाकवण्यासाठीच आहे, ताई. तीन तास वाकवलेलीच ठेवली तर तक्रार करणार. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, परत बसा.” लहानपणापासून ‘ताठ बस’ ऐकत आलेल्या मला हे ऐकून फार मोकळं वाटलं. आता मी वाकडीही बसते, मांडी घालूनही बसते, ओट्याशी उभी राहूनही वाचते. एका जागी फार वेळ नाही, एवढंच पाळते.

त्यांच्याकडे शेकायची पिशवी आहे. करंट द्यायचं यंत्रही आहे, पण ते बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेलं असतं. यावर बाहेर नाराजी आहे, हे मी बाकड्यावर बसून ऐकलं आहे. “तिकडे जा, तिकडे चार मशिनी लावतात. इथं नुसता व्यायाम सांगतात.” पैसे मोजल्यावर काहीतरी अंगाला लागावं, ही अपेक्षा मला कळते. सकाळची एसटी धरून माणूस येतो, रोजगार बुडवतो आणि त्याला घरी करायचे चार व्यायाम सांगितले जातात. पण जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत नेमकं हेच आहे. व्यायाम करा, माणसाला त्याचं दुखणं समजावून सांगा, हे वरच्या बाजूला. आणि वजन लावून ओढणं, कमरेचे पट्टे, करंट, अल्ट्रासाउंड, हे नेहमीसारखं देऊ नये, असं. शेक मात्र मॅडम देतात, दहा मिनिटं, व्यायामाच्या आधी. अंग सैल होतं आणि माणूस बोलायला लागतो.

आमच्या आजीच्या हातातही हे होतं. वीट तापवून फडक्यात गुंडाळायची, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून पाठीला लावायचा. आणि पाठीत उसण भरली की वरच्या आळीतल्या पायाळू काकूंना बोलावणं जायचं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. त्याने पाय लावला की उसण जाते, असं सगळे मानायचे. काकू यायच्या, पालथं निजलेल्या माणसाच्या पाठीवरून तीनदा पाय फिरवायच्या आणि म्हणायच्या, “ऊठ. गेली. लाग कामाला.” माणूस उठायचा. पायाळूपणात काही गुण असतो असं मी मानत नाही. अशी अचानक धरलेली पाठ बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप सुटते. पण काकूंचं ते शेवटचं वाक्य मला आता वेगळं ऐकू येतं. त्यांनी कुणालाही कधी ‘झोपून राहा’ म्हटलं नाही.

झोपून राहा म्हटलं ते आबांना.

माझे वडील ३४ वर्षं ट्रक चालवत होते. साताऱ्याकडून मुंबईला साखर, येताना मिळेल तो माल. खंबाटकीचा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला, याची गणती नाही. तासन्‌तास हादरणारी सीट, क्लचवर डावा पाय, आणि मजूर आले नाहीत तर पोती उचलायलाही हेच. १९९४ मध्ये पोतं उचलताना कंबर धरली. त्यांना तीन आठवडे फळीवर झोपायला सांगितलं. तेव्हा सगळीकडे तसंच सांगत. आठवड्यापेक्षा दोनच दिवस विश्रांती घेतलेली माणसं कामावर लवकर परततात, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात १९८६ सालीच दिसलं होतं. मुळीच न झोपता झेपेल तेवढं रोजचं चालू ठेवणारी माणसं त्याहून लवकर सावरतात, हे फिनलंडमध्ये १९९५ साली. पण अशी माहिती आमच्या गावापर्यंत यायला पिढी जाते. फळीचंही तसंच. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ कंबरदुखीवाल्यांना दोन प्रकारच्या गाद्या देऊन बघितल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम गादी बरी ठरली. आबा अजून फळीवरच झोपत होते. तीन आठवड्यांनी उठले तेव्हा त्यांच्या मांड्या बारीक झाल्या होत्या. तिथून कमरेला पट्टा आला तो आला. ३० वर्षांत सात पट्टे झाले. अंघोळीला तेवढा निघायचा.

आता ते ७१ वर्षांचे आहेत. वाई तालुक्यातल्या आमच्या गावी आईबरोबर राहतात. गेली दोन वर्षं त्यांना चालवत नव्हतं. घरापासून देवळापर्यंत जायचं तर मधे दोनदा बसावं लागायचं, एकदा चावडीच्या पायरीवर, एकदा कुणाच्याही ओट्यावर. मात्र दूध घालायला डेअरीवर ते सायकलवर जायचे, किटली अडकवून, दोन किलोमीटर, कुठेही न थांबता. गाव हे बघत होतं. आबांना चालायचा कंटाळा आहे, असं गावाचं मत झालं. आईचंही झालं. “डेअरीला जाता येतं, देवळात येता येत नाही,” असं ती मला फोनवर म्हणायची. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

माझी मान बरी झाली होती. त्या आनंदात मी एक मोठी चूक केली. वाचता वाचता मला रॉबिन मॅकेन्झी या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टची गोष्ट सापडली होती. १९५६ सालची, वेलिंग्टनमधली. एका माणसाची कंबर आणि पाय दुखत होता, तीन आठवडे उपचारांचा काही उपयोग नव्हता. मॅकेन्झींनी त्याला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. आधीच्या पेशंटसाठी त्या टेबलाचं एक टोक वर उचललेलं होतं. हा तसाच, छाती वर आणि कंबर मागे वाकलेली, अशा अवस्थेत झोपून राहिला. काही मिनिटांनी मॅकेन्झी आले आणि हादरले, कारण त्या काळात असं मागे वाकवणं घातक समजलं जाई. तो माणूस म्हणाला, पायातलं दुखणं गेलंय. त्या अपघातातून एक अख्खी उपचारपद्धती उभी राहिली. दुखणं पायातून वर सरकून कमरेत गोळा होत असेल तर ते चांगलं लक्षण, हेही तिथूनच समजलं.

मी गावी गेले आणि आबांना पालथं झोपवून हातांवर छाती उचलायला शिकवली. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून. दिवसातून पाच वेळा, दहा-दहा वेळा. “कराल ना?” विचारलं. “करीन की,” म्हणाले. मी साताऱ्याला परत आले. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला की आबा परसातसुद्धा जाऊ शकत नाहीयेत. मी विचारलं, मग थांबवलं का नाही त्यांनी? आई म्हणाली, “तू सांगितलंस म्हणून करत होते.”

त्यांना भाड्याच्या गाडीने साताऱ्याला आणलं. दवाखान्याचा जिना ते कठड्याला धरून, पुढे वाकून चढले. मॅडमनी तोच छापील कागद काढला. “कसं दुखतंय, आबा?”

“दुखत न्हाई मॅडम,” आबा म्हणाले. “पाय भरून येत्यात.”

मॅडमची पेन्सिल थांबली. त्या खुर्ची पुढे ओढून त्यांच्यासमोर बसल्या. नुसतं उभं राहिलं तरी भरतात का? हो. बसल्यावर किती वेळात उतरतं? तंबाखू मळून होईस्तोवर. बसून पुढं वाकलात तर? लवकर उतरतं. आणि सायकलवर? सायकलवर काहीच नाही. मॅडमनी त्यांच्या दोन्ही पावलांवर बोटं ठेवून नाडी बघितली. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पाय असेच धरतात, पण तेव्हा सायकलवरही धरतात, आणि नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो. नाडी चांगली लागत होती. त्यांनी आबांना एकदा सरळ उभं करून किंचित मागे वाकवलं. मिनिटभरात आबांनी भिंत धरली.

पाठीच्या कण्यातून नसा जिथून खाली उतरतात ती वाट वयाबरोबर कधी कधी अरुंद होते. आतले बंध जाड होतात, हाडं थोडी वाढतात. सरळ उभं राहिलं, मागे वाकलं की ती आणखी आवळते. पुढे वाकलं की उघडते. सायकलवर माणूस पुढे वाकलेला असतो. म्हणून सायकल जमते आणि देऊळ जमत नाही. मी त्यांना तीन दिवस, दिवसातून ५० वेळा, नेमकं उलट वाकवत होते. मॅकेन्झींच्या त्या पेशंटचं आणि माझ्या वडिलांचं दुखणं एकच नव्हतं, आणि ते ओळखायला व्हिडिओत कुणी समोर नव्हतं. मॅकेन्झींची पद्धतसुद्धा आधी तपासून मगच दिशा ठरवायला सांगते, हे मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं.

आबा बराच वेळ मॅडमच्या हातातला प्लॅस्टिकचा कणा न्याहाळत होते. मग म्हणाले, “म्हंजी घाटात दरड आल्यावानी. रस्ता बंद न्हाई, पर एकेरी चाललाय.”

“अगदी तसंच,” मॅडम म्हणाल्या.

आबांनी आईकडे बघितलं. “मी कंटाळा करत नव्हतो,” ते म्हणाले.

आईने काही उत्तर दिलं नाही. तिने त्यांची टोपी उचलून मांडीवर घेतली आणि ती झटकत राहिली.

मॅडमनी त्यांना आधी एका शल्यविशारदांकडे पाठवलं, तपासून घ्यायला. शस्त्रक्रियेची घाई नाही, असं तिथे ठरलं. काय झालं तर रात्र असली तरी थांबायचं नाही, तेही मॅडमनी आईला दोनदा वदवून घेतलं : लघवी-संडासवरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं तर. मग व्यायाम सुरू झाले. उताणं झोपून एक गुडघा छातीशी, मग दुसरा, मग दोन्ही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा. दवाखान्यातली ती जुनी सायकल. पट्टा रोज एक तास कमी. आणि चालणं, पण पाय भरायच्या आधी बसायचं, भरल्यावर नाही. हे शेवटचं आबांना सगळ्यांत जड गेलं. जमेल तिथवर रेटायचं आणि मग कोसळायचं, हीच त्यांची जन्मभराची रीत होती.

दहा सिटिंग साताऱ्यात माझ्याकडे राहून झाली. संध्याकाळी आम्ही दोघं जमिनीवर सतरंजी टाकून शेजारी शेजारी झोपायचो. ते गुडघे छातीशी घ्यायचे, मी छताला हो म्हणायचे. लहानपणी ते महिन्यातून सहा-सात दिवस घरी असायचे. सलग तीन आठवडे ते आणि मी एका छपराखाली राहिलो, ते बहुधा पहिल्यांदाच. अंधार पडला की ते घाटातल्या गोष्टी सांगायचे. त्यात एकदा म्हणाले की १९९४ नंतर वळणावर मान वळवून मागचं चाक बघायलाही ते घाबरायचे, फक्त आरशात बघायचे. कंबर तुटेल असं वाटायचं. हे त्यांनी ३० वर्षांत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

फिजिओथेरपी आपल्याकडे रुजली ती पोलिओमुळे. मुंबईत पोलिओची साथ आली, लुळे पडलेले पाय घेऊन मुलं इस्पितळात येऊ लागली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. जो पाय स्वतः हलत नव्हता तो रोज हाताने हलवायचा, महिनोन्‌महिने, आणि एक दिवस त्यात चलन दिसेल म्हणून वाट बघायची. आबांच्या गुडघ्याखाली हात धरून “अजून एक, आबा, अजून एक” म्हणणाऱ्या मॅडमना बघताना मला ते वॉर्ड आठवायचे, मी कधीही न बघितलेले. साडेचार वर्षं शिकलेल्या या मुलीला आमच्या गावात अजून ‘मालिशवाली’ म्हणतात. मी ऐकलं की दुरुस्त करते. मुद्रितशोधकाला गप्प बसता येत नाही.

आबा फाल्गुनात गावी परत गेले. पाय अजून भरतात. वाट काही रुंद झालेली नाही आणि होणारही नाही. पट्टा ते एसटीच्या प्रवासापुरता लावतात. फळीवर आता गादी आहे. पण मॅडमनी निघताना एक युक्ती सांगितली होती, ती त्यांनी मनापासून धरली आहे. रोज संध्याकाळी ते सायकल बाहेर काढतात आणि तिच्यावर बसत नाहीत. हँडल धरून, थोडं पुढे वाकून, तिला ढकलत चालतात. चावडीपर्यंत, देवळापर्यंत, आणि पाडव्यानंतर तर ओढ्यापर्यंत. मधे कॅरिअरला टेकून थांबतात, पुन्हा निघतात.

परवा मी गेले होते तेव्हा त्यांच्या बरोबर चालत होते. चावडीवरून कुणीतरी ओरडलं, “आबा, पंक्चर झालीय का?”

“न्हाई,” आबा म्हणाले. “चालाय निघालोय.”